डास, गोळ्या आणि परतल्यावरचा ताप : माझा अनुभव

प्रवासाच्या सहा आठवडे आधी ताई आणि मी डॉक्टरांकडे गेलो. दिवेलागणीनंतर डासांपासून जपायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी आधी तेच खोडून काढलं. हिवतापाचा अ‍ॅनाफिलिस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यूचा एडिस दिवसाढवळ्या, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. आम्ही जाणार होतो तिथे दोन्ही होते.

हिवताप होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन मिळालं. निघण्याच्या आदल्या दिवसापासून रोज एक गोळी, ती परतल्यावरही चार आठवडे. पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. ताईने एका रात्री घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि तशीच झोपली. पुढचे दोन दिवस घास गिळताना तिच्या छातीत कळ यायची.

अंगाला 30 टक्के डीट, म्हणजे डास दूर ठेवणारं औषध, लावायचो, तेही सनस्क्रीननंतर. आधी डीट लावलं तर ते सनस्क्रीनखाली झाकलं जातं. परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांवर, अंगावर नाही. घोटे आणि कानामागची जागा हमखास विसरते, तिकडे मुद्दाम लक्ष द्यावं.

पहिल्या रात्री मच्छरदाणीत निवांत झोपले. सकाळी पाहते तर कोपरावर सात गांध्या! झोपेत कोपर जाळीला टेकलं होतं आणि डासांनी बाहेरूनच काम केलं होतं. मग पलंगाच्या मधोमध झोपायला लागले. जाळी चारही बाजूंनी गादीखाली खोचायची आणि आत बॅटरी फिरवून बघायचं, हे रोजचंच झालं.

एवढं करूनही परतल्यावर पाचव्या दिवशी मला ताप भरला. दवाखान्यात पहिलं वाक्य प्रवासाचं सांगितलं. गोळ्या चालू असल्या तरी हिवताप नाहीच असं धरता येत नाही, म्हणून तीन दिवस रक्त तपासलं. ते निर्दोष निघालं, डेंग्यूची चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ताप उतरला तेव्हा मला हायसं वाटलं, पण डॉक्टर तेव्हाच जास्त सावध झाल्या. डेंग्यूत गुंतागुंत बहुधा ताप उतरतानाच होते. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर रात्रीबेरात्री यायचं, असं त्यांनी बजावलं. शिवाय आजाराच्या पहिल्या आठवड्यात मला चावलेला डास घरात दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकला असता. म्हणून ताईने प्रवासातली तीच मच्छरदाणी माझ्या पलंगावर बांधली, दिवसासुद्धा.