तळं भरलं, पण रोहित?

मायणीच्या तळ्यावर पक्षी बघायला जाणाऱ्याची एक अडचण असते, ती गावात उघड बोलायची सोय नाही. त्याला तळं तुडुंब भरलेलं नको असतं.

सातारा जिल्ह्यातला हा खटाव तालुका म्हणजे ढगाकडं बघत म्हातारा झालेला मुलूख. चांद नदीवरचा हा ब्रिटिशकाळातला तलाव सांडव्यावरून वाहिला की माणसं हरखून बघायला येतात. आणि रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, हवं उथळ पाणी. वाकडी चोच पाण्यात उलटी धरायची, चिखलपाणी गाळायचं, बारीक जीव आणि शेवाळ तेवढं पोटात ठेवायचं. अंगावरचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून चढतो. पिल्लं राखाडीच असतात. पाणी खोल झालं की हा कारभार आटोपला. म्हणून पावसानं जरा ओढ दिली, काठ उघडा पडला, की कच्छच्या रणाकडचे हे पाहुणे यायची आशा जास्त.

तात्यांची शेती तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. "औंदा बक्कळ पाणी हाय बघा," ते म्हणतात. मी "झकास!" म्हणतो. तेही मनापासूनच, पण दुर्बिणीचा पट्टा आवळत.

नुसत्या रोहितासाठी येणारे मग गाडी वळवतात. मला ते पटत नाही. भरल्या पाण्यावर वारकरी पक्षी असतात, टिबुकली बुडी मारून भलतीकडंच वर येते, हळदीकुंकू बदकं जोडीनं फिरतात. काठावरच्या बाभळीत तांबट ठोकत बसलेला असतो. त्याला शोधता शोधता मान अवघडते आणि तो दिसतो शेवटी डोक्यावरच. शिवाय पाणपक्षी काही एका तळ्याला बांधलेले नसतात. इथं जमलं नाही तर येरळवाडी आहे, सूर्याचीवाडी आहे. २०२१ साली सरकारनं मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, तेही एकाच तळ्यापुरतं नाही, हे शहाणपणाचं झालं.

पट्टकदंब हंसाचं मात्र तात्यांना कौतुक नाही. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारं पाखरू आहे, एवढ्या उंचीवर माणसाला धाप लागते, असं मी रंगवून सांगितलं. तात्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. "एवढं डोंगार वलांडून आलं, आन् हरभरा माझाच गावला व्हय त्याला?"

परवा त्यांच्या हातात दुर्बीण दिली. समोर हंसांचा थवा उतरला होता. तात्यांनी एक डोळा मिटून दुर्बीण थव्यावरून पार पलीकडच्या काठावर नेली आणि तिथंच रोखली.

"काय दिसतंय?"

"भावकीची मोटार. माझ्या पाळीच्या टायमाला चालू हाय!"