पांढरा सेज आणि माझी पाण्याची सवय

सॅन दिएगोला आल्यानंतर मी परसात पांढऱ्या सेजचे रोप लावले आणि कोकणातल्या सवयीने त्याला तुळशीसारखे रोज पाणी घातले. ऑगस्ट संपायच्या आत ते मुळाशी कुजले. दोन्ही वनस्पती पुदिन्याच्या कुळातल्या, एवढ्या आधारावर मी त्यांची निगा सारखीच राखत होतो. परंतु दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातले हे झुडूप हिवाळ्यातल्या पावसावर वाढते, कोरड्या उन्हाळ्यात जवळजवळ निपचित असते, आणि अशा वेळी तापलेल्या मातीत ओल राहिली की त्याची मुळे सडतात.

दुसरे रोप मी नोव्हेंबरात, उतारावरच्या मुरमाड जमिनीत, दिवसभर ऊन मिळेल असे लावले. पहिल्या उन्हाळ्यात त्याला महिन्यातून एकदा पाणी दिले, खत मुळीच घातले नाही, आणि आता ते माझ्या कमरेच्या वर गेले आहे. त्याची पाने पांढुरकी दिसतात ती त्यांच्यावरच्या दाट लवेमुळे. ही लव ऊन परतवते आणि पानांतले पाणी टिकवते. शास्त्रीय नाव साल्विया अपियाना असे असून त्यातला ‘अपियाना’ हा शब्द मधमाश्यांवरून आला आहे, तरी फुलांवर माझ्याकडे अधिक दिसतात ते लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे.

दक्षिण कॅलिफोर्नियातले मूळनिवासी काहुइया लोक याचे बी भाजून दळत, इतर पिठात मिसळत आणि त्याची पेज करीत. आपल्या सातूच्या पिठाशी त्याचे नाते मला लगेच जाणवले. मी दोन संध्याकाळी सुकलेले तुरे सुपात झोडपले, तेव्हा कुठे जेमतेम मूठभर बी हाती आले, त्यामुळे ज्यांचे पोट यावर भरत होते त्यांच्या चिकाटीविषयी माझा आदर वाढला. कोवळे दांडे सोलून कच्चेही खाल्ले जातात. चव उग्र, पण वाईट नाही.

सर्दीवर पानांचा उपयोग इथल्या मूळनिवासींमध्ये जुना आहे. पानांच्या तेलात सिनिऑल हे द्रव्य पुष्कळ असते, आणि निलगिरीच्या तेलातही तेच मुख्य असल्याने वास ओळखीचा वाटतो. मी कपभर गरम पाण्यात एकच पान पाच मिनिटे झाकून ठेवतो. दोन घातली की कडवटपणा जिभेवरून उतरत नाही. हे घसा मोकळा करणारे पेय आहे, रोगावरचे औषध म्हणून मी ते कोणाला सांगणार नाही, आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावे.

धुरी देण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या जुड्या मात्र मी घेत नाही. नॉर्थ एटिवांडासारख्या संरक्षित डोंगरउतारांवरूनही हा पाला पोत्यांनी चोरला जातो, आणि ज्या समाजांच्या विधींत तो पूज्य आहे त्यांनाच तो शोधत फिरावे लागते. परसात एक झुडूप असले तर घरच्या गरजेला ते पुरून उरते. माझ्याकडच्या उरलेल्या तुऱ्यांवर सध्या चिमण्यांसारखे छोटे पक्षी ताव मारीत आहेत.