कुंपण नसलेला 'सेझ' : मॉरिशसकडे गुंतवणूक कशी आली

'सेझ' म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र म्हटलं की आपल्याकडे आधी जमीन आठवते. रायगडात आणि गोव्यात वाद पेटला तो तिथूनच. मॉरिशसने १९७० साली निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीचा माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा, 'सेझ'सारखाच कायदा केला, पण त्यासाठी कुंपण घातलं नाही. तैवानमधल्या काओशुंगच्या बंदिस्त क्षेत्राचं तत्त्व उचललं, भिंत तेवढी वगळली. कारखाना बेटावर कुठेही उभारा. माल निर्यातीचा असेल तर प्रमाणपत्र मिळेल. त्यामुळे कारखाने गावांच्या जवळ गेले आणि ज्या बायकांनी आधी कधी पगारी नोकरी केली नव्हती, त्या कामाला येऊ शकल्या. उसाच्या मळ्यांसाठी तिथे नेलेल्या मजुरांमध्ये मराठी माणसंही होती, म्हणून हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

प्रमाणपत्र मिळालं की यंत्रं आणि कच्चा माल आयात शुल्काविना येई, बरीच वर्षं प्राप्तिकरात सूट मिळे आणि नफा मायदेशी नेता येई. आठवड्याला दहा तासांपर्यंत जादा काम सक्तीचं होतं, शिवाय बायकांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवलेलं होतं. या यशाची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करू नये.

पण करसवलत तर तेव्हा अनेक देश देत होते. माझ्या मते खरी ओढ बाजारपेठेची होती. श्रीमंत देशांत येणाऱ्या कापडावर देशवार मर्यादा घालणाऱ्या १९७४ च्या बहुतंतू करारामुळे हाँगकाँगच्या कापड कारखानदारांवर कोट्याची मर्यादा आली. युरोपीय देशांनी आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांशी केलेल्या १९७५ च्या लोमे करारामुळे मॉरिशसचा माल युरोपात शुल्काविना जाऊ लागला. साहजिकच हाँगकाँगवाले यंत्रं घेऊन इथे आले. त्यातही एक मेख होती, मूळ देशाच्या नियमाची. बाहेरचं कापड आणून नुसता शर्ट शिवला तर सवलत नाही. सूत आणून कापड विणण्यापासून काम इथेच व्हायला हवं. स्वेटरमध्ये हे सहज जमतं, कारण सुतापासूनच विणकाम सुरू होतं. म्हणून लोकरीसाठी मेंढ्या न पाळणारं हे बेट लोकरी स्वेटरचा मोठा निर्यातदार झालं.

दुसरा आधार साखरेचा. युरोपने ठरावीक कोटा हमीभावाने घेतल्यामुळे मळेवाल्यांच्या हाती पैसा आला आणि त्यातला काही कारखान्यांत गेला. परक्या गुंतवणूकदारालाही स्थानिक भागीदार सोबत असला की धीर येतो.

वाट सरळ नव्हती. साखरेची तेजी ओसरल्यावर १९७९ आणि १९८१ मध्ये मॉरिशसच्या रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर या क्षेत्राची निर्यात साखरेच्या पुढे गेली. पुढे मजुरी वाढत गेली, आणि १ जानेवारी २००५ ला कापडाचे कोटे संपताच इथे राहण्याचं कारणच उरलं नाही. हाँगकाँगचे बरेच कारखाने निघून गेले आणि हजारो बायकांची नोकरी गेली. टिकले ते बहुतेक स्थानिक मालकीचे : त्यांनी सूतगिरण्या घातल्या होत्या आणि कमी किमतीच्या मालाचं शिवणकाम मादागास्करला हलवलं होतं.