एक्केचाळिसाव्या नावापुढचा अंगठा

ऑगस्ट 2019. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलेलं, ते उतरल्यावर आम्ही संस्थेचे तिघं कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात एका नदीकाठच्या गावात 60 किट घेऊन गेलो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण, चादर. पैसे एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकामासाठी काढलेल्या निधीतले, अटी अशा की लाभार्थी कर्नाटकातलाच पाहिजे, यादीतलाच पाहिजे आणि रजिस्टरला सही किंवा अंगठा, शिवाय किट हातात धरलेला जीपीएसवाला फोटो.

लोकांना वाटतं वाटप म्हणजे वाटायचं काम, पण खरं काम यादीचं असतं. यादी पंचायतीतनं येते, कन्नडमध्ये, आणि ती घरमालकांची असते कारण घराच्या उताऱ्यावर नाव त्यांचंच. भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बायका त्यात नसतातच. त्यांची पानं-तंबाखू ठेकेदाराची, गाळात गेली की मजुरीतनं कापणार. मी हे प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहितो, वरचे तेवढा पॅराच काढून टाकतात. वाईट वाटतं.

तर एक मावशी दुपारपासून कडेला उभी. खोली छातीभर पाण्यात गेलेली, रेशनकार्ड माहेरचं, कागल तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्राचं. इकडं यादीत नाव नाही आणि तिकडं ती राहतच नाही. साहेबांना फोन लावला तर म्हणाले, ऑडिटला एक नाव जरी चुकलं तर पुढचा फंड गेला, तुमचे पगार त्यातच आहेत. खोटं नव्हतं ते, माझ्यासोबतच्या पोराला तर तीन महिने पगार नव्हता.

41 नंबरचा माणूस आलाच नव्हता, पाव्हण्यांकडं कोल्हापूरला गेलाय म्हणाले. मी मावशीचा अंगठा त्याच्या नावापुढं घेतला. फोटोत पदर पुढं ओढून घे म्हटलं.

दहा दिवसांनी तो माणूस आला. मी पदरच्या पैशानं दुसरं किट बांधून ठेवलंच होतं, ते पुढं केलं, त्यानं हात पण लावला नाही. रजिस्टर बघू म्हणाला. बघितलं.

"मी हितं नव्हतोच साहेब, मग ह्यो अंगठा कुणाचा? सरकारचं 10 हजार पण असंच कुणी उचललं न्हाई न्हवं?"

ते पूरग्रस्तांच्या सरकारी मदतीचे पैसे, खात्यावर जमा होतात, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, हे मी चारचारदा सांगितलं. तो नुसता अंगठ्याकडं बघत राहिला. आणि मला त्या मावशीची आठवण येत होती, तिला कन्नड वाचता येत नव्हतं, कुणाच्या नावापुढं अंगठा लावतेय हे मी तिला सांगितलंच नव्हतं.