पाण्याचा ताप

वॉशिंग मशीन लावायच्या आधी खिसे चाचपायचे, ही आईची शिकवण. तिला बाबांच्या शर्टात बसची तिकिटं आणि चार आणे सापडायचे. मला परवा दुपारी माझ्या मासेमारीच्या बंडीत थर्मामीटर सापडला. करंगळीएवढा, धातूच्या नळीत बसवलेला, वर लांब दोरी. दोरीला अजून नदीचा वास येत होता. मशीन राहिलं बाजूला.

नवरा या थर्मामीटरला हसतो. न्यू जर्सीहून दोन तास गाडी हाणून मी कॅट्स्किल्सच्या डोंगरात बीव्हरकिल नदीवर जाते, कमरेपर्यंत पाण्यात उभी राहते आणि परत आले की तो दारातच विचारतो, "काय गं, किती?"

मी सांगते, "बावन्न."

पहिल्यांदा बिचारा मोठं पातेलं घेऊन धावला होता.

बावन्न फॅरनहाइट, अर्थात. इतकी वर्षं इथे राहूनही हवेचा आकडा मी मनात सेल्सिअसमध्ये करून घेते. पण आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये असली तरी ताप फॅरनहाइटमध्येच असतो. एकशे एक म्हटलं की हात आपोआप मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांकडे जातो. त्यामुळे नदीचे आकडे मला पहिल्या दिवसापासून कळले.

५० हा त्यातला शुभ आकडा. एप्रिल संपत आलेला असतो. सकाळी पाणी ४५-४६ वर. नदी मेल्यासारखी. अशा पाण्यात ट्राउट मासा तळाशी पडून राहतो, समोर जेवण आलं तरी मान वळवायचा आळस. आपण दगडावर बसून चिवडा खायचा. दोनच्या सुमारास दोरी ओढून बघावं तर लाल रेघ ५० ला टेकलेली. आणि वरून एक करड्या पंखांची माशी वाहत येते, शीड उभारलेल्या होडीसारखी, पंख वाळवत. मागून दुसरी, मग मोजता येत नाहीत. आणि मग पाण्यातून एक नाक हळूच वर येतं, आवाज नाही, शिंतोडा नाही, आणि माशी गेलेली असते.

हेंड्रिक्सन म्हणतात हिला. नाव मूळचं तिच्या नकलेचं. १९१६ साली रॉय स्टीनरॉड या गृहस्थांनी याच नदीवर ही माशी बघून कोल्ह्याची लव गुंडाळून गळावर तशीच नकली माशी, माशाला फसवायला, बांधली आणि आपल्या मित्राचं आडनाव तिला दिलं. मित्राच्या नावाची माशी! आपल्याकडे असं केलं तर बोलणं बंद होईल.

५० झाले म्हणून घंटा वाजत नाही, हेही खरं. ही माशी वर्षभर दगडांखाली पाण्यात वाढते आणि तिचं वाढणं पाण्याच्या उबेवर. रोजची ऊब रिकरिंग डिपॉझिटसारखी जमत जाते आणि खातं भरलं की ती वर येते. म्हणून लवकर तापलेल्या वर्षी लवकर, रेंगाळलेल्या थंडीत उशिरा. वर आल्यावर तर तिला चालतं तोंडही नसतं. खाणं नाही, पिणं नाही. कात टाकायची, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. इतकी तयारी करून दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम.

हे सगळं मला नवीन नव्हतं. कुडाळजवळच्या आमच्या गावी जूनचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की काका अंगणातल्या वाहत्या पाण्यात पाय बुडवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आज राती चढतले." वलगणीचे मासे. नदीतून व्हाळात, व्हाळातून शेतात, अंडी घालायला उलट्या धारेने चढणारे. पुरुष बॅटऱ्या, कोयते, टोपल्या घेऊन निघायचे. मुलींनी जायचं नाही. मी खिडकीच्या गजातून शेतात हलणारे उजेड बघत बसायचे. कंदिलावर पंख फुटलेली वाळवी झेपावत असायची, आजी खाली पाण्याची परात ठेवायची. एका वर्षी काकाला बॅटरी धरायला कोणी मिळेना म्हणून मला नेलं. गुडघाभर गढूळ पाणी, पोटरीला काहीतरी गुळगुळीत घासून गेलं आणि मी किंचाळले. काका हसला नाही. म्हणाला, "पानी थंड झाला मां? तेंका कळता." थर्मामीटर त्याच्याकडे फक्त पाय होता.

मी मात्र हातावर विश्वास ठेवत नाही. थंड पाण्यात दोन मिनिटांत हाताला सगळं सारखंच लागतं. शिवाय खरा प्रश्न वरच्या आकड्यांचा आहे. पाणी तापत जातं तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. १० सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० ला साधारण ९. आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. २० सेल्सिअस म्हणजे ६८. तिथून पुढे ट्राउटशी झटापट करून त्याला सोडला, तरी तो पोहत जातो आणि पुढे कुठेतरी मरतो. शहाणी माणसं जुलैत डेलावेअर नदीच्या पश्चिम फाट्यावर जातात. तिथे न्यूयॉर्क शहराच्या पिण्याच्या पाण्याचं कॅननसव्हिल धरण आहे, तळातून गार पाणी सुटतं. मी हटकून बीव्हरकिललाच जाते. का, ते विचारू नका.

गेल्या शनिवारी गेले. काठी जोडलीच नाही. एक थंड ओढा नदीला मिळतो तिथे काठावर बसले. त्या तोंडाशी ट्राउट गोळा झाले होते, चाळीस तरी असतील, एकमेकांना खेटून, सगळ्यांची डोकी ओढ्याकडे. अंगावरून माशी वाहत गेली तरी कोणी वर आलं नाही. नुसते कल्ले हलत होते, भराभर.

थोडं खाली जाऊन नदीत दोरी सोडली. बघितलं. बंडीच्या खिशात टाकली आणि गाडीकडे वळले.

नवरा मेथी निवडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "किती?"

"एकाहत्तर."

त्याने जुडी खाली ठेवली. या वेळी हसला नाही. "ताप आहे मग," म्हणाला.