आप्पांचा कान आणि बोर्डाचा कागद

आप्पांशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या आळीला ऐकवायचं. मी पुण्यातून "जेवलात का" म्हणून ओरडते आणि ते तिकडून सांगतात, हो हो पाऊस झाला. आई म्हणते टीव्हीचा आवाज इतका असतो की बातम्या आम्ही नाही, गोठ्यातली म्हैस बघते. हसतो आम्ही. पण परवा ट्रंकेतले कागद काढून बसलो तेव्हा काही हसू आलं नाही.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९८८ ला भरती, २०१२ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्यातली बरीच वर्षं मॉर्टर प्लाटूनमध्ये, म्हणजे उखळी तोफा डागणाऱ्या तुकडीत. ८१ एमएम मॉर्टर म्हणजे काय ते मला त्यांनी अंगणात पाण्याचा पाइप उभा धरून दाखवलं होतं, बॉम्ब वरून सोडायचा, लगेच खाली वाकायचं, आणि धडाम. दिवसभर हेच. कानात काय घालायचात विचारलं तर म्हणाले, असला तर कापूस, नसला तर बोटं, पण बॉम्ब सोडणाऱ्याची बोटं मोकळी कुठं असतात गं.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी, झालं. ऐकू कमी येतं हे बोर्डाने मान्य केलं, टक्केवारी पण दिली, २० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि खाली एक ओळ, की हे सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. झालं. त्या एका ओळीने डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वासाठी नेहमीच्या पेन्शनवर मिळणारी रक्कम, गेली. टक्केवारी असून उपयोग नाही, दोन्ही गोष्टी लागतात, निदान २० टक्के अपंगत्व हवं आणि त्याचं नातं नोकरीशी जोडलेलं हवं.

कारण काय दिलं तर, सर्व्हिसमध्ये कानाच्या तक्रारीची नोंद नाही.

आता खरी गंमत इथे आहे (गंमत कसली). नोंद नाही कारण आप्पा कधी सिक रिपोर्टच झाले नाहीत, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे गेलेच नाहीत. का नाही झाले? कारण एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) गेलं की डॉक्टर पुढे पाठवणार, पुढे कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा) डाऊन होणार, आणि लो मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशनची लाइन अडकते, नायकाचा हवालदार व्हायचा राहतो, घरी दोन पोरं शाळेत. म्हणून कान वाजतोय तर वाजू दे. पलटणीत सगळे हेच करतात म्हणे, गुडघा असो, पाठ असो, बीपी असो. जो दुखणं लपवून ड्यूटी करतो त्याला साहेब शाब्बास म्हणतात आणि शेवटच्या दिवशी बोर्ड विचारतं, कागद कुठाय? ज्या गुणासाठी वीस वर्षं पाठ थोपटली तोच गुण त्याच्या विरोधातला पुरावा होतो.

गोळी लागली तर प्रश्न नसतो. लढाईतल्या जखमेला वॉर इंज्युरी पेन्शन आहे, तिचा दर साध्या डिसॅबिलिटीच्या दुप्पट आहे आणि तसाच असायला हवा. भांडण आहे ते न दिसणाऱ्या दुखण्यांचं. कान, बीपी, साखर, डोक्याचे आजार. आणि खरं सांगायचं तर लोक पेन्शनसाठी दुखणी दाखवतात ही सरकारची शंका अगदीच खोटी नाही, कॅगनेही (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) बोट ठेवलंय की डिसॅबिलिटी पेन्शन घेणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा जास्त आहे. पण मग त्याची झळ मॉर्टरवाल्या हवालदाराला का?

आम्हाला हे सगळं कळलं फार उशिरा, गावातल्या एका निवृत्त सुभेदार काकांमुळे. त्यांनी सांगितलं २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल वाच. सिग्नल्समधला (लष्कराच्या संदेशवहन विभागातला) माणूस, १९८५ ला भरती, नऊ वर्षांनी फिट्स येतात म्हणून घरी पाठवला, तोही २० टक्केच, तोही "सेवेशी संबंध नाही". कोर्ट म्हणालं की भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून फिट म्हणून घेतलात, तेव्हा आजाराची नोंद नव्हती, तर तो सेवेत झाला असंच धरायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारणासकट तुम्ही सिद्ध करा, जवानाने नाही. मी ते वाचून आप्पांना मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, मग बोर्डाला हे माहीत नव्हतं का? आता काय उत्तर देणार.

पैशाचं पण सांगते, लोक विचारतात म्हणून. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, बाकी त्या प्रमाणात. पगार ४०,००० धरला तर २० टक्क्यांचे होतात २,४००. पण राउंडिंग नावाचा प्रकार आहे, ५० च्या खालचे सगळे ५० धरतात, म्हणजे ६,०००. ही सवलत पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे हे २०१४ च्या राम अवतार निकालाने ठरलं. सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना मात्र नवे नियम आहेत, त्यात "इम्पेअरमेंट रिलीफ" वगैरे नवीन शब्द आलेत, तुमचं त्यात बसत असेल तर जुन्या माणसाचा सल्ला आंधळेपणाने घेऊ नका.

आमचं पहिलं अपील फेटाळलं, दुसरं फेटाळलं, दोन्ही उत्तरांत एकच परिच्छेद, स्वल्पविरामासकट. आता मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे सैनिकांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात, केस आहे. वकील म्हणाले जिंकलो तरी थकबाकी बहुतेक केस टाकायच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळेल, उशीर आपला आहे. आप्पांनी मान डोलावली. ऐकू आलं की नुसतीच डोलावली, माहीत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारचा सागर (नाव बदललंय) सुट्टीवर आला होता, तोही इन्फंट्रीत. बोलता बोलता म्हणाला, ताई, फायरिंगनंतर उजव्या कानात दोन दोन दिवस शिट्टी वाजते. मी म्हटलं, अरे मग दाखव ना, लिहून घे, कागद कर. तर म्हणे, पुढच्या महिन्यात प्रमोशन कॅडर (बढतीचा कोर्स) आहे, ते होऊ दे, मग बघू.