उन्हावर घातलेला आळ

मे महिन्यात नागपुरात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. आमचं गेम बनवायचं ऑफिस म्हणजे धरमपेठेतल्या जुन्या घराचा वरचा मजला. तिथे टेस्टिंगचा लॅपटॉप गोठला, पंखा घरघरायला लागला, तेव्हा कोणाला वेगळी शंकाच आली नाही. "तापून राहिला बे तो, कूलरसमोर ठेव," भाऊ म्हणाले. भाऊ म्हणजे आमचे मालक. ठेवला. पुन्हा गोठला. डेमो दोन दिवसांवर.

रात्री लॅपटॉप घरी नेला, एसी लावला, चादर पांघरून खेळत बसलो. अकराच्या सुमारास परत तेच. आणि नेमकं त्याच ठिकाणी: मोहिनी घालून एका साळूला आपल्याकडे वळवलं आणि तिने समोरच्या साळूला मारलं की खेळ खलास.

ही साळू म्हणजे साळिंदर, आमच्या गेममधला तिसऱ्या पातळीवरचा किरकोळ शत्रू. दोन घावांत मरते, पाच नाणी देते. आमच्या चित्रकाराला ती काटे फेकणारी हवी होती. पण माझे मामा उमरेडचे, जंगलाकाठी वाढलेले. ते म्हणाले, "सायाळ काटे फेकत नाही रे. मागं मागं येऊन टोचते." म्हणून आम्ही तिला काटेफेकीऐवजी अंगावर टोचणारे काटेच दिले. जो मारेल त्याला त्याच्या घावाचा चौथा हिस्सा परत.

इथे माझा मोह आडवा आला. फायनल फँटसी या गेममालिकेतला कॅक्टुआर मला लहानपणापासून आवडतो. १९९४च्या सहाव्या भागात पहिल्यांदा दिसलेलं ते धावतं निवडुंग. चिलखत कितीही भारी असो, त्याच्या 'हजार सुया' लागल्या की बरोबर १००० वजा. एवढासा जीव, पण दरारा केवढा! आपल्या साळूलाही थोडा मान असावा म्हणून मीच नियम घातला होता: काटा लागला की किमान १ तरी जाणारच.

आता हिशेब बघा. साळूने साळूला २०चा घाव घातला. ५ परत. पण ज्या साळूला ते ५ लागले तिलाही काटे आहेतच, म्हणून तिच्याकडून १ परत. त्या १चा चौथा हिस्सा पूर्णांकात शून्य, प्रकरण तिथेच मिटायचं. पण माझा नियम! शून्याचा १ झाला, त्या १वर पुन्हा १, त्यावर पुन्हा १. दोघी केव्हाच मेलेल्या, पण मेलं कोण हे तपासायचं ते सगळे घाव संपल्यावर, आणि ते संपतच नव्हते. नोंदी उघडल्या तर दोघींचा जीव उणे चार लाखांच्या खाली गेलेला. प्रोसेसर बिचारा दोन मेलेल्या साळूंचं भांडण मोजत घामाघूम. पंखा घरघरणार नाही तर काय?

दुरुस्ती एका ओळीची. काट्यातून आलेल्या घावाला खूण लावली आणि खूण असलेला घाव परत करायचा नाही, असं ठरवलं. किमान १चा नियम मात्र काढला नाही. माझा जीव आहे त्याच्यावर.

सकाळी भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाले, "म्हणजे उन्हाचं काही नव्हतं?"

"नाही भाऊ."

"मग तो कूलर इकडे सरकव ना बे माझ्याकडे."